दोन डोळ्यांचा डोंगर

वहिनी, तुमच्या डोंगरावर पांढरं मारायचं काम माझ्याकडे आहे, आणि ते मी अजून केलेलं नाही.

तुम्हाला जाऊन महिना होत आला. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे आपापल्या गावी गेले, प्राची तुमच्या दोन खोल्या आवरून पुण्याला परतली. निघताना तिने मला एकच गोष्ट विचारली. आईचं ते मोठं चित्र पूर्ण झालंय का? झालं असेल तर ती घेऊन जाणार, तिच्या नव्या घरात त्याला पुरेल अशी भिंत आहे. मी म्हणालो, बघून सांगतो. लेक तुमचीच, ती माझ्याकडे बघत राहिली. चित्र माझ्याच पोर्चमध्ये उभं आहे आणि रोज सकाळी दूध आणायला मी त्याच्या शेजारून जातो, त्यात बघायचं काय राहिलंय, असं तिला वाटलं असणार. पण तुम्ही मला काय सांगून ठेवलंय ते तिला माहीत नाही.

"माझ्या हातून झालं नाही तर त्याच्यावर पांढरं मारून टाका, भाऊजी. अर्धवट काम कुणाच्या भिंतीवर नको."

हे तुम्ही मागच्या पावसाळ्यात, पोर्चमध्ये चहा पिता पिता म्हणालात. मी बरं म्हणालो. त्या वेळी बोलणं फक्त प्लायच्या एका तुकड्याबद्दल चाललंय अशी माझी समजूत होती.

आपलं रंगांवरून भांडण तसं जुनं. तुमचं लग्न झालं तेव्हा मी नुकताच ओझरच्या विमान कारखान्यात, पेंट शॉपमध्ये लागलो होतो आणि मला रंगातलं सगळं कळतं असं मला वाटत होतं. घर रंगवायचं ठरलं तेव्हा मी ऐटीत शेड कार्ड आणून तुमच्यापुढे ठेवलं. तुम्ही ते बाजूला सारलंत, दोन डबे एकमेकांत ओतलेत आणि भिंतीवर ब्रश ओढून दाखवलात. भिंत छान दिसली, ते मी तेव्हाही नाकारलं नव्हतं. पण पुढच्या वर्षी तिथे ओल आली तेव्हा तसाच रंग पुन्हा कुणाला जुळवता आला नाही. ते मी तुम्हाला पुढे बरीच वर्षं ऐकवलं. दादा होता तोवर आपल्या वादात पडायची त्याची एक पद्धत होती, तो उठून रेडिओचा आवाज वाढवायचा.

माझ्या कामाचं तुम्हाला हसू यायचं. पत्र्याचा तुकडा, त्याच्या शेजारी शेड कार्ड, वर ट्यूबलाइट. जुळलं तर माल पुढे, नाही तर घासून पुन्हा. रंगाचा एक ओघळ दिसला तरी तपासणीवाला काम परत पाठवायचा. तुम्ही म्हणायचात, तुमच्याकडे रंगालासुद्धा गणवेश आहे. मी विचारायचो, मग तुमच्याकडे काय आहे ते तरी दाखवा. दाखवायला तुमच्याकडे काही नसायचं, कारण तुम्ही स्वतः चित्रं काढतच नव्हतात. शाळेत चित्रकलेच्या बाई म्हणून आयुष्य गेलं ते मुलांच्या वह्या तपासण्यात, ग्रेड परीक्षांची तयारी करून घेण्यात, गॅदरिंगचे पडदे रंगवण्यात आणि फळ्यावर आकृत्या काढण्यात. दादा गेला, तुम्ही निवृत्त झालात, प्राची नोकरीला पुण्याला गेली, तरी घरात तुमच्या हातचं एकही चित्र नव्हतं.

मग हरसूलचं ते लग्न आलं. माझ्याबरोबर शॉपमध्ये असलेल्या एकाच्या मुलाचं. तुमच्या जावेला, सुनंदाला, घाटात मळमळतं म्हणून ती आली नाही, तुम्ही म्हणालात मी येते, तेवढंच फिरणं होईल. जेवणं उरकून परत निघालो. थोडं अंतर आलो असू, तुम्ही एकदम गाडी थांबवा म्हणालात. मला वाटलं तुम्हालाही मळमळतंय. तुम्ही उतरलात आणि रस्त्याच्या कडेला, लग्नातली साडी सावरत, समोरच्या डोंगराकडे बघत उभ्या राहिलात. मार्च महिना होता. पायथ्याला भाताची रिकामी खाचरं, वर वाळलेलं गवत, गवतात मधेमधे राबाचे काळे तुकडे, पावसाआधी रोपाची जागा पालापाचोळा पसरून जाळतात ते, आणि सगळ्या उतारावर फुललेला पळस. मी या रस्त्याने अनेकदा गेलो होतो. मला तो डोंगर कधी वेगळा वाटला नव्हता.

"भाऊजी," तुम्ही म्हणालात, "हा डोंगर मला पाहिजे."

दुकानात एखादं भांडं दाखवून म्हणावं तशा म्हणालात. मी हसलो. पण दुसऱ्या दिवशी तुम्ही घरी आलात आणि सहा बाय चारचा प्लाय पाहिजे म्हणून सांगितलंत. मी म्हणालो, आधी कागदावर काढून बघा. तुम्ही म्हणालात, कागदावर काढायला लावतच जन्म गेला.

प्लाय मी तयार करून दिला. दोन हात प्रायमर, मधे पॉलिश पेपरने घासाई, कडा गोल केलेल्या. त्या कामात मला कुणी नाव ठेवू शकत नाही आणि तुम्हीही ठेवलं नाहीत. मग आपले रविवार सुरू झाले. प्लाय गाडीच्या टपावर दोरीने बांधायचा, त्र्यंबकपर्यंत हळूहळू जायचं, पुढे वळणांवर आणखी हळू, आणि त्याच जागी येऊन एका साताऱ्याच्या... नाही, सादड्याच्या झाडाला तो टेकवायचा. मला झाडांची नावं तुम्हीच शिकवलीत, तरी अजून अडखळतो. मी घडीच्या खुर्चीवर पेपर वाचत बसायचो. निदान तसं ठरलं होतं. प्रत्यक्षात मी पेपरवरून तुमच्या हाताकडे बघत असायचो.

तुम्हाला कुणी सांगितलं का माहीत नाही, म्हणून आता सांगतो. तुम्ही खांद्यातून रंगवायचात. वर्गातल्या शेवटच्या बाकाला दिसेल असं फळ्यावर काढायची सवय होती ना, ती अख्खी त्या प्लायवर आली. बाजारातून आणलेले नाजूक ब्रश तुम्ही तासाभरातच पिशवीत टाकलेत आणि माझ्या डिकीतला दार रंगवायचा दोन इंची ब्रश मागून घेतलात. गवताला वरून खाली एकेक लांब फटकारा, पाणी उतारावरून धावतं तसा. राबाला काळा थापून तो पत्र्याच्या पट्टीने खरवडलात, खालचा तांबडा दिसावा म्हणून. पळसाला तर ब्रशही नाही. शेंदरी रंगात अंगठा बुडवायचा आणि दाबायचा. साडीच्या पदराला, चष्म्याच्या काडीला, पाण्याच्या बाटलीला, सगळीकडे डोंगर लागलेला असायचा.

आणि सगळीकडे नारिंगी. गवत नारिंगी, पायवाट नारिंगी, आभाळाची कडसुद्धा. मी पहिल्याच रविवारी म्हणालो, वहिनी, गवत पिवळं आहे, फार तर मातकट म्हणा. तुम्ही म्हणालात, मला दिसतंय ते लावतेय. मी म्हणालो, झाडांखालच्या सावल्या निळसर आहेत. तुम्ही वळून नीट बघितलंत आणि म्हणालात, कुठे निळसर, चांगल्या काळ्या आहेत. हा वाद आपण तो सगळा उन्हाळा घातला. ओघळांवरून घातला तो वेगळाच. रंग पातळ झाला की खाली ओघळायचा आणि माझा हात आपोआप फडक्याकडे जायचा. एकदा मी पुसलाही. तुम्ही परतीच्या वाटेवर नाशिक येईपर्यंत माझ्याशी बोलला नाहीत आणि घरी उतरताना एवढंच म्हणालात की हे विमान नाही.

त्या उतारावर जनीबाईचं शेत आहे. ती पहिल्यांदा आली तेव्हा बराच वेळ लांबूनच बघत होती. मग जवळ येऊन तिने विचारलं, "यात माझं घर कुठं हाय?" तुम्ही ब्रश घेतलात आणि डोंगराच्या अंगावर एक पांढरट फटकारा मारलात. ती म्हणाली, हे घर नाय दिसत. तुम्ही म्हणालात, लांबून असंच दिसतं. "मग लांबून कशाला बघता," ती म्हणाली, "चहाला या." आपण गेलो. कोरा चहा, गुळाचा. त्यानंतर कुठलाच रविवार त्या चहाशिवाय गेला नाही, आणि येताना तिच्याकरता नाशिकहून काय न्यायचं याची चिंता तुम्हाला शनिवारपासून असायची.

डोळ्यांचं त्या हिवाळ्यात निघालं. तुम्हाला सुईत दोरा ओवता येईना, प्राची येऊन डॉक्टरांकडे घेऊन गेली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला जुना. उजव्याची शस्त्रक्रिया आधी, डाव्याची महिनाभराने, असं ठरलं. पट्टी निघाली आणि डॉक्टरीणबाईंनी मोबाईल बघू नका, वाकू नका वगैरे सांगून घरी सोडलं, तर तुम्ही घरी न जाता रिक्षा माझ्या दारात आणलीत. काळा चष्मा काढलात आणि चित्रासमोर उभ्या राहिलात. आधी एका डोळ्यावर तळहात, मग दुसऱ्या. पुन्हा पहिल्या, पुन्हा दुसऱ्या. सुनंदा पाणी घेऊन आली तरी तुमचं लक्ष नव्हतं.

"तुम्ही बरोबर होतात," तुम्ही म्हणालात. "मी जिला माझी नजर म्हणत होते तो मोतीबिंदू होता, भाऊजी."

इतक्या वर्षांत तुम्ही मला बरोबर ठरवलंत ते तेवढं एकदाच. मला त्याचा जरासुद्धा आनंद झाला नाही. तुम्ही खुर्चीवर बसलात, हातातला काळा चष्मा उघडझाप करत राहिलात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की तुम्ही इतके दिवस जग पिवळ्या काचेतून बघत होतात. आत येताना तुम्हाला पहिल्यांदा निळा रंग दिसला होता, आमच्या गेटचा. ते गेट मी आधीच्या उन्हाळ्यात रंगवलं तेव्हा तुम्ही राखाडी छान निवडलात म्हणाला होतात.

तुम्ही तेव्हाच प्रायमर मागितलात. मी दिला नाही. मार्च येऊ द्या, डोंगर पुन्हा बघू, मग ठरवा, एवढं कबूल करून घेतलं.

आणि मग आपल्या बाजू बदलल्या, ते तुम्हाला आठवत असेल. इतके दिवस मी नारिंगीच्या विरुद्ध होतो. आता तुम्ही विरुद्ध आणि मी त्याच्या बाजूने. मी काही तुमचं मन राखायला बोलत नव्हतो, मला खरंच एक गोष्ट खटकत होती. पेंट शॉपमध्ये पिवळ्या दिव्याखाली पत्रा पिवळा दिसतो तसं शेजारचं शेड कार्डही पिवळंच दिसतं, त्यामुळे थोडं इकडेतिकडे झालं तरी जुळणी फार बिघडत नाही. तुम्ही ज्या डोळ्याने डोंगर बघितलात त्याच डोळ्याने ताटलीतला रंगही बघितलात. डोळा पिवळा असेल तर दोन्ही सारखेच पिवळे झाले असणार. मग डोंगरावर आहे त्याच्या दुप्पट नारिंगी प्लायवर कसा आला? तो डोळ्यातून आलेला नाही.

"मग निळा का नाही आला?" तुम्ही विचारलंत.

"निळा मोतीबिंदूने खाल्ला असेल. नारिंगी तुमचा आहे."

तुम्ही हसलात. मला बरं वाटावं म्हणून वकिली करू नका म्हणालात. मुलांना मी जन्मभर सांगत आले की आधी बघा, मग काढा, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा बघितलंच नाही, असंही म्हणालात. मी दुसऱ्यांदा समजावलं, तिसऱ्यांदा समजावलं. कागदावर आकृती काढून दाखवली. तुम्ही मान डोलवायचात, पण पटलं नव्हतं. अजूनही मला त्या मुद्द्यावर तुमच्याशी बोलायचंय. माझं म्हणणं तेव्हा मला जितकं नीट मांडता आलं नाही तितकं आता येतंय.

डाव्या डोळ्याची तारीख तुम्ही पुढे ढकललीत, मग आणखी पुढे. प्राची माझ्यावर चिडली. काका, तुम्ही तिला लाडावून ठेवलंय, एका डोळ्याने जिना उतरताना पडली तर कोण जबाबदार, म्हणाली. तिचं चुकत नव्हतं. पण तुम्ही मला कारण सांगितलं होतं. दुसराही डोळा साफ झाला की जुना डोंगर तुम्हाला पुन्हा कधीच दिसणार नव्हता. चित्र होईपर्यंत दोन्ही हाताशी राहू देत, मग खुशाल काढा, असं तुम्ही म्हणालात आणि मी प्राचीपुढे तुमची बाजू घेतली.

गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये आपण पुन्हा तिथे जाऊन प्लाय टेकवला. या वेळी तुम्ही बघण्यातच पहिले दोन रविवार घालवलेत. डावा झाकून, उजवा झाकून. जनीबाईने विचारलं, डोळ्यात काय गेलं का? मग खालच्या बाजूने सुरुवात केलीत. खाचरांच्या बांधांना जांभळा, झाडांखाली गडद निळा, राबाच्या काळ्यावर निळ्याचा हात देऊन पुन्हा खरवडलात. तोच दोन इंची ब्रश, पण फटकारे आता आडवे, रुंद, थंड. मला वाटलं होतं तुम्ही नारिंगी पूर्ण झाकणार. तुम्ही झाकला नाहीत. निळ्याच्या फटींतून तो खालून दिसत राहील एवढी जागा सोडत गेलात. मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तुम्ही थांबून विचार करत बसला असतात. मेअखेर खालचा अर्धा डोंगर झाला. वरचा अर्धा तसाच होता, जुन्या डोळ्याचा. मग पाऊस आला, उतार हिरवागार झाला, आणि तुम्ही म्हणालात हिरव्या डोंगराशी आपलं काही भांडण नाही, आता पुढच्या मार्चला.

पांढरं मारायचं बोललात ते त्यानंतर. मला वाटतं तुम्हाला वरच्या अर्ध्याचं काय करायचं ते कळत नव्हतं. निळा वरपर्यंत न्यायचा की नारिंगीला हात लावायचा नाही. पावसाळाभर तुम्ही येऊन चित्रासमोर बसायचात, कधी एक डोळा झाकून, कधी नुसत्याच.

फेब्रुवारी संपत आला होता. संध्याकाळी तुमचा फोन आला, तिकडचा पळस फुलला असेल का? मी म्हणालो एवढ्यात नाही, अजून पंधरा दिवस. तुम्ही म्हणालात, यंदा लवकर ऊन पडलंय, बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या शेजारणीने मला बोलावलं. तुम्ही खुर्चीत होतात, गॅसवर चहाचं पातेलं होतं, गॅस लावलेला नव्हता. डॉक्टर म्हणाले, हृदय, त्रास झाला नसणार. सगळ्यांना ते असंच सांगतात हे मला ठाऊक आहे, तरी मी विश्वास ठेवला.

प्राची पोचेपर्यंत मी तुमच्याजवळ बसलो होतो. नेत्रदानाचं तुम्ही तिच्याशी बोलून ठेवलं होतं, तिने वाटेतूनच फोन केला होता. ते लोक वेळेत आले, शांतपणे काम करून गेले. त्यांच्यातल्या एकाला मी बाजूला घेऊन विचारलं की एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, एकाचं नाही, चालेल ना? तो म्हणाला चालतं, दुसऱ्याला बसवतात ते पुढचं पारदर्शक पटल, आतलं भिंग नाही. म्हणजे आपण ज्याच्यावरून वर्षभर भांडलो ते कुणाच्याच वाट्याला गेलं नाही. कुठेतरी दोन माणसं तुमच्या डोळ्यांतून बघत असतील, आणि त्यांना रंग त्यांचे त्यांचेच दिसत असतील. मला ते ऐकून बरं वाटलं की वाईट हे अजून ठरवता आलेलं नाही.

आता गेल्या आठवड्यातलं सांगतो. माझ्या गाडीच्या लायसनची मुदत संपत आलीय, त्यासाठी डोळे तपासून घ्यायचे होते. तुमच्याच डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी तुमची आठवण काढली, मग माझी हनुवटी त्या यंत्रावर ठेवायला सांगितली, आणि दिवा एका डोळ्यावरून दुसऱ्यावर परत परत फिरवला. माझ्याही दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, वहिनी. मी विचारलं, किती दिवसांचा असेल? त्या म्हणाल्या, दिवसांचा नाही काका, वर्षांचा.

घरी येऊन मी पोर्चमध्ये चित्रासमोर बसलो. गवत पिवळं आहे, सावल्या निळसर आहेत, हे मी तुम्हाला कुठल्या डोळ्यांनी सांगत होतो? थोडा निळा मला दिसत होता, पण किती आणि कसला, कुणास ठाऊक. माझ्या हातात तिथे शेड कार्ड नव्हतं. मीही आपला मला दिसतं तेच खरं धरून चाललो होतो. तुम्ही असतात तर मी ताबडतोब येऊन सांगितलं असतं, आणि तुम्ही काय म्हणाला असतात ते मला सुचत नाहीये. पुष्कळ प्रयत्न केला. तुमचं उत्तर दर वेळी माझ्या अंदाजाबाहेरचं असायचं.

माझ्या डोळ्यांवर भरवसा उरला नाही म्हणून रविवारी मी सुनंदाला म्हणालो, तू चल. तिचेही डोळे तपासून घेतले होते, ते स्वच्छ आहेत. इतक्या रविवारांत ती त्या डोंगराकडे कधी आली नव्हती. सकाळी निघायचं ठरवलं होतं, पण तिने मळमळीची गोळी घेतली आणि तिला झोप लागली. मग जेवून निघालो. वाटेत दोनदा थांबावं लागलं. पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. आपण नेहमी सकाळी यायचो आणि ऊन तापलं की निघायचो, त्यामुळे त्या वेळी तिथे उभं राहायची माझी पहिलीच वेळ.

जनीबाई बांधावरून आली. तिने गाडीत बघितलं, टपावर बघितलं. "मॅडम नाय आल्या?"

मी सांगितलं. ती उभी होती तिथेच खाली बसली. डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतला. सुनंदा तिच्या शेजारी जाऊन बसली. दोघींनी एकमेकींना याआधी कधी पाहिलं नव्हतं. जनीबाई नंतर उठली, म्हणाली चहा ठेवते, आणि जाता जाता मला म्हणाली, "मग आता रविवारी तुमीबी नाय येणार?"

पळस फुलला होता. तुमचा अंदाज खरा होता, यंदा लवकर फुलला असणार, कारण निम्मा गळूनही गेला होता.

मी सुनंदाला सगळं सांगितलं. पांढरं मारायचं सांगून गेलात तेही. मग विचारलं, वरचा अर्धा वहिनींच्या जुन्या डोळ्याचा, खालचा नव्या डोळ्याचा, असे दोन डोंगर आहेत, तू स्वच्छ डोळ्यांनी बघ आणि सांग कुठला खरा. ती कमरेवर हात ठेवून बघत राहिली. तिला चित्रातलं काही कळत नाही असं ती नेहमी म्हणते, आणि तुम्ही तिला कधी त्यावरून बोलला नाहीत.

"दोन कुठे आहेत?" ती म्हणाली. "पोर्चमधलं चित्र मी रोज बघते की. एकच डोंगर आहे. वर ऊन आहे आणि खाली सावली आलीय."

मी समोर बघितलं. खाचरं आणि झाडांचा पट्टा सावलीत गेला होता, आणि वरच्या गवतावर अजून ऊन होतं. रंग कुठले होते ते माझ्याकडून ऐकू नका. जनीबाईचा चहा घेतला आणि निघालो.

घरी आल्यावर प्राचीला फोन केला. चित्र पूर्ण आहे, पुढच्या शनिवारी टेम्पो घेऊन ये, कडांना लावायला जुन्या चादरी आण, असं सांगितलं. खाली सही नाही, मी करू का, तिने विचारलं. नको म्हणालो.

तुम्हाला बरं म्हणालो होतो, ते मी मोडलं, वहिनी. तुम्हाला हे पटलं नसतं, निदान लगेच नाही. तुम्ही तासभर माझ्याशी वाद घातला असतात. तो तासभर मी पोर्चमध्ये बसून होतो.